टपालतिकीट आणि त्याचे 'जुळे': क्रिप्टो स्टँपच्या चिन्हरूपाचा विचार

ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय टपालसंस्थेने ११ जून २०१९ रोजी एक नवे तिकीट विक्रीस काढले. त्याची दर्शनी किंमत ६ युरो ९० सेंट होती, प्रती दीड लाख होत्या आणि त्यावर एकशिंगी घोड्याचे, म्हणजे पाश्चात्य कथांतील 'युनिकॉर्न' या प्राण्याचे चित्र होते. एवढ्यापुरते पाहिले तर संग्राहकांसाठी मुद्दाम काढलेल्या इतर तिकिटांहून ते निराळे ठरले नसते. परंतु हे तिकीट एकटे नव्हते. ते एका लहानशा कार्डाचा भाग होते. कार्डाचा एक भाग म्हणजे पाकिटावर चिकटवण्याचे प्रत्यक्ष तिकीट, आणि दुसऱ्या भागावर खरवडून काढण्याच्या थराखाली झाकलेली काही गुप्त अक्षरे. ही अक्षरे हाती आली म्हणजे 'इथीरियम' नावाच्या सार्वजनिक संगणकीय खातेवहीतील एका खात्याची किल्ली हाती येते, आणि त्या खात्यात त्या तिकिटाचे प्रतिरूप जमा असते. प्रतिरूप दुसऱ्याच्या नावे करताना येणारा खर्च भागावा म्हणून त्याच खात्यात 'इथर' या चलनाचा अल्पसा अंशही ठेवलेला होता.

कागदावरील चित्र सर्व प्रतींवर एकच होते. प्रतिरूपे मात्र पाच रंगांची होती: काळी ७८,५००, हिरवी ४०,०००, निळी २०,०००, पिवळी १०,००० आणि तांबडी १,५००. तांबडे प्रतिरूप मिळणे हा अर्थातच दैवाचा भाग होता, आणि तिकिटाचे आकर्षण बऱ्याच अंशी त्यातच होते.

या प्रतिरूपास टपालसंस्थेने आणि संग्राहकांनी 'डिजिटल जुळे' असे नाव दिले. हे नाव पुढे रूढ झाले. रूपक म्हणून ते सोयीचे आहे. तथापि त्याने एक प्रश्न झाकला जातो. कागदाचे तिकीट आणि खातेवहीतील नोंद यांचा परस्परसंबंध नेमका कोणत्या जातीचा? चित्र आणि चित्रित वस्तू यांचा जो संबंध असतो तो, की नाव आणि नामधारी यांचा, की पावती आणि माल यांचा? संग्राहकाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. तो ज्यासाठी पैसे मोजतो ती वस्तू कोणती, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. चिन्हशास्त्राच्या अभ्यासकालाही हे उदाहरण आयतेच सापडले आहे, कारण येथे चिन्हव्यवहाराचे एरवी एकत्र मिसळलेले घटक यंत्रानेच वेगळे करून मांडले आहेत.

प्रथम खातेवहीचे स्वरूप पाहू जाता ते वाटते तितके दुर्बोध नाही. मराठेशाहीतील महजर किंवा निवाडपत्र यांसारखा लांब कागद पुष्कळदा अनेक बंद एकापुढे एक चिकटवून केलेला असे, आणि बंदांच्या जोडांवर पाठीमागे शिक्का उठवण्याची चाल होती. शिक्क्याचा अर्धा भाग एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर पडे. मधला एखादा बंद काढून दुसरा घालू पाहिल्यास शिक्क्याचे अर्ध जुळत नसत आणि लबाडी उघडी पडे. ब्लॉकचेन ही याच युक्तीची गणिती आवृत्ती होय. व्यवहारांच्या नोंदींचा एकेक गठ्ठा तयार होतो. त्याच्या संपूर्ण मजकुरावरून ठरीव रीतीने एक अंक काढला जातो. आणि तो अंक पुढील गठ्ठ्यात लिहिला जातो. मागील मजकुरातील एक अक्षर जरी बदलले तरी अंक बदलतो, आणि पुढचे सर्व जोड निखळतात. जुन्या कागदात शिक्का उठवणारा अधिकारी एक होता. येथे त्याच खातेवहीच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात, आणि कोणती प्रत खरी हे त्यांच्या परस्परसंमतीने ठरते. इथीरियमची खातेवही २०१५ सालापासून चालू आहे.

या खातेवहीत चलनाचे आकडे लिहिता येतात तसे लहान नियमसंचही लिहून ठेवता येतात. २०१८ च्या जानेवारीत असाच एक नमुना-नियम मांडला गेला. तो 'ईआरसी-७२१' या नावाने ओळखला जातो, आणि ऑस्ट्रियाच्या तिकिटांची प्रतिरूपे त्यालाच अनुसरून घडवलेली आहेत. त्याचा गाभा अत्यंत साधा आहे: प्रत्येक प्रतिरूपास एक क्रमांक असतो, तो दुसऱ्या कोणासही नसतो, आणि त्या क्रमांकापुढे तूर्त त्याचा धनी असलेल्या खात्याचा पत्ता असतो. धन्याने आपल्या गुप्त किल्लीने आज्ञा दिली तरच पत्ता बदलतो. चित्र सामान्यतः या नोंदीत नसते. ते कोठे पाहावे याचा निर्देश तेवढा असतो. म्हणजे ज्यास लोक 'डिजिटल तिकीट' म्हणतात ते मूलतः एका क्रमांकाचे एका पत्त्याशी असलेले नाते आहे. घोडा, रंग, टपालसंस्थेचे नाव हे सारे त्या नात्याला बाहेरून जोडलेले अलंकार होत.

अशा नोंदीस 'टोकन' म्हणतात. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास हा शब्द निराळ्या संदर्भात परिचित आहे. अमेरिकन तर्कवेत्ता चार्ल्स सँडर्स पर्स याने १९०६ साली 'द मॉनिस्ट' या नियतकालिकातील निबंधात 'टाइप' आणि 'टोकन' हा भेद केला. इंग्रजीच्या एका छापील पानावर 'द' हा शब्द वीसेक वेळा येतो, तरी इंग्रजी भाषेत 'द' हा शब्द एकच आहे. पानावर मोजता येतात ती टोकने, आणि भाषेत असतो तो टाइप. आपल्या व्याकरणपरंपरेस ही चर्चा नवी नाही. पाणिनीच्या एकशेषविषयक सूत्रावरील (१.२.६४) वार्तिकांत शब्दाने आकृती सांगितली जाते की द्रव्य, हा वाद वाजप्यायन आणि व्याडि यांच्या नावांनी नोंदलेला आहे. वाजप्यायनाचा पक्ष आकृतीचा, व्याडीचा पक्ष द्रव्याचा.

टपालतिकीट ही वस्तू जन्मतः वाजप्यायनाच्या पक्षाची आहे. टपाल खात्यास एका नमुन्याच्या दोन तिकिटांतील भेद नको असतो. कोणतेही एक दुसऱ्याच्या जागी चालले पाहिजे, एवढेच त्यास हवे असते. तरीही पहिल्या तिकिटापासूनच व्यक्तिभेदाचे बीज त्यात होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. मे १८४० मध्ये इंग्लंडात निघालेल्या एक पेनीच्या काळ्या तिकिटाच्या खालच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरे छापलेली असत. २० ओळी आणि १२ रकाने अशा २४० तिकिटांच्या ताव्यात पहिल्या तिकिटावर 'ए-ए', त्याच्या शेजारी 'ए-बी', असे करीत शेवटी 'टी-एल' येई. बनावट तिकिटे करणाऱ्यास अडचण व्हावी, हा त्यामागील हेतू. परंतु ही अक्षरे व्यक्तीचे नाव नव्हती, तिच्या जागेचे नाव होती. प्रत्येक ताव्यावर 'ए-ए' पुन्हा येतच असे. पुढे संग्राहकांनी या अक्षरांच्या आधारे विखुरलेली तिकिटे जमवून मूळ ताव्याची पुनर्रचना करण्याचा छंदच लावून घेतला. खात्याने सुरक्षिततेसाठी जे केले त्यातून संग्राहकाने व्यक्तित्व काढले.

संग्राहक हा असा पहिल्यापासून व्याडीचा अनुयायी आहे. त्यास एखादे द्रव्य हवे असते, आकृती नव्हे; आणि आकृती बिघडली तर त्यास आनंदच होतो. भारतात १८५४ साली निघालेल्या चार आण्यांच्या तिकिटाच्या काही प्रतींवर राणीचे मस्तक उलटे छापले गेले. त्या आज जगातील प्रख्यात दुर्मीळ तिकिटांत गणल्या जातात. ही दुर्मीळता अपघाताची होती. दोन रंगांची छपाई वेगवेगळी होत असताना कागद उलटा पडला, ही घटना घडली आणि कागदावर तिची खूण राहिली. युनिकॉर्नच्या तांबड्या रंगाची दुर्मीळता याच्या नेमकी विरुद्ध आहे. ती घडलेली नाही, नेमून दिलेली आहे. १,५०० हा आकडा आधी ठरला आणि मग तेवढी प्रतिरूपे तांबडी झाली. अपघातास इतिहास असतो, आज्ञेस केवळ तारीख असते. स्विस टपालसंस्थेने २५ नोव्हेंबर २०२१ रोजी ८ फ्रँक ९० किंमतीचे असेच तिकीट काढले तेव्हा १,७५,००० प्रतींमागे प्रतिरूपांची १३ चित्रे होती, आणि सर्वांत विरळ चित्र अवघ्या ५० प्रतिरूपांच्या वाट्यास आले होते. त्या दिवशी मागणीचा एवढा लोट उसळला की संस्थेचे संकेतस्थळ त्यापुढे टिकू शकले नाही. येथे कागद हे सोडतीचे तिकीटही झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

जाता जाता एका शब्दसाम्याची नोंद करणे येथे अप्रस्तुत होणार नाही. ऑस्ट्रियात टपालतिकिटास बोलण्यात 'ब्रीफमार्के' म्हणतात, पण त्याचे अधिकृत जर्मन नाव 'पोस्टवेर्टत्साइखेन' असे आहे. अर्थ, टपालमूल्याचे चिन्ह. यातील 'त्साइखेन', म्हणजे चिन्ह, हा शब्द आणि इंग्रजीतील 'टोकन' हे दोन्ही एकाच प्राचीन जर्मानिक शब्दाचे वंशज आहेत. म्हणजे ज्या दोन वस्तूंची येथे जोडी लावली गेली त्यांची नावे सख्खी भावंडे आहेत, आणि दोहोंचा मूळ अर्थ 'खूण' हाच आहे. 'जुळे' हा शब्द योजणाऱ्यांच्या मनात ही व्युत्पत्ती असण्याचा संभव नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. खातेवहीतील क्रमांक हा त्या तिकिटाचे विशेषनाम आहे असे मानले, तर विशेषनामाविषयीचा आधुनिक विचार येथे उपयोगी पडतो. सॉल क्रिपके याने १९७० साली प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, विशेषनाम हे वर्णनाच्या बळावर वस्तूस चिकटत नाही. आरंभी केव्हातरी नामकरण होते, आणि नंतर ते नाव एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे साखळीने पोहोचते. साखळी अखंड असेल तर आपण त्या नावाने मूळ व्यक्तीसच उद्देशितो, तिच्याविषयीची आपली माहिती चुकीची असली तरी. भाषेत ही साखळी दिसत नाही. ती असावी असे आपण गृहीत धरतो. ब्लॉकचेनमध्ये साखळीचा दुवा न् दुवा उघड आहे. कोणत्या दिवशी कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर क्रमांक गेला, हे कोणासही वाचता येते. क्रिपकेच्या उपपत्तीतील एक अर्धे अंग येथे अक्षरशः साकार झालेले आहे.

परंतु अर्धेच. उरलेले अंग म्हणजे नामकरण, आणि ते साखळीच्या बाहेर होते. अमुक क्रमांकाच्या खात्याची किल्ली अमुक कार्डावर छापली जाते ती छापखान्यात. खातेवहीस कार्डाची वार्ताही नसते. क्रमांक आणि कागद यांस एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे कार्डावरील अक्षरे, त्यांवरील थर, आणि टपालसंस्थेचे 'ही जोडी आम्ही लावली आहे' हे वचन. यांपैकी कोणतीही गोष्ट गणिताने सिद्ध होणारी नाही. ज्या विश्वासाची आवश्यकताच उरू नये म्हणून ही खातेवही निर्माण झाली, तो विश्वास नेमका जोडाच्या ठिकाणी, म्हणजे जुन्या कागदात शिक्का उठे त्या जागी, पूर्वीच्याच स्वरूपात शिल्लक राहिला आहे.

याचे व्यावहारिक परिणाम पाहण्यासारखे आहेत. समजा, एका संग्राहकाने थर खरवडला, किल्ली वापरली आणि प्रतिरूप आपल्या दुसऱ्या खात्यावर नेले. कार्ड जसेच्या तसे आहे. त्यावरील तिकीट आजही पाकिटास लावता येते. त्याने कार्ड एकास आणि प्रतिरूप दुसऱ्यास विकले, तर जोडी कायमची फुटली, पण दोहोंपैकी एकावरही फाटल्याची खूण नाही. कार्ड पाहून प्रतिरूप कोठे आहे हे कळत असेल तर ते केवळ खातेवही उघडून पाहिल्यावर. आणि खातेवही पाहून कार्ड कोणाच्या कपाटात आहे, की जळून गेले आहे, हे कधीच कळत नाही. शिवाय खरवडलेले कार्ड विकत घेणाऱ्यास आणखी एक अडचण आहे. गुप्त अक्षरे एकदा वाचली गेली की ती किती जणांनी उतरून घेतली हे सांगता येत नाही. शाबूत थर हेच येथे खरे मोर्तब होय, आणि ते मोडल्यावाचून आत काय आहे त्याचा उपभोग घेता येत नाही. संग्राहकांत न खरवडलेल्या कार्डांस वेगळे मोल आले ते यामुळेच. तिकिटाच्या पाठीवरील गोंद शाबूत आहे काय हे पाहण्याच्या त्यांच्या जुन्या सवयीशी ही गोष्ट सहज जुळली.

ऑस्ट्रियाच्या संस्थेने २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत, ज्यावर देवमाशाचे चित्र होते, कार्डातच एक चिप बसवली. फोन जवळ धरला की कार्ड अस्सल असल्याची खात्री करता येते. जोड दृढ करण्याचा हा सरळ प्रयत्न होता, आणि बनावट कार्डांविरुद्ध तो खरोखरच उपकारक आहे. मात्र चिपने सिद्ध होते ते कार्डाचे अस्सलपण. हे अस्सल कार्ड आणि तो क्रमांक यांची गाठ पुन्हा संस्थेच्या घोषणेनेच पडते. गाठ एक पायरी मागे सरकली, एवढेच.

या दृष्टीने पहिल्या तिकिटावर युनिकॉर्न असावा हा मोठा मार्मिक योग म्हटला पाहिजे. चित्र निवडले गेले ते इथीरियमच्या अनुयायांत हा प्राणी लाडका असल्यामुळे. पण पाश्चात्य तर्कशास्त्रात युनिकॉर्न हे पूर्वीपासून दुसऱ्याच गोष्टीचे उदाहरण आहे: ज्या नावास जगात नामधारी नाही अशा नावाचे. बर्ट्रंड रसेलने १९१९ साली त्याची चर्चा केली. आपल्या नैयायिकांचे शशशृंग आणि खपुष्प त्याच कुळातील. कार्ड नष्ट झाल्यावर खातेवहीत उरणारा क्रमांक शशशृंगासारखा पूर्णतः निराधार नव्हे, कारण त्यास एकदा आधार होता. दिवंगत व्यक्तीच्या नावाशी त्याची तुलना अधिक योग्य होईल. नाव हस्तांतरित होत राहते, त्याची किंमत चढते-उतरते, आणि ज्याचे ते नाव तो नसतो.

तिकिटाच्या मरणाचा विचार केला म्हणजे दोन 'जुळ्यां'मधील भेद सर्वांत स्पष्ट दिसतो. टपालतिकीट हे एका परीने वाक्यप्रयोगासारखे आहे. ते चिकटवणे म्हणजे 'हशील भरले' असे म्हणणे, आणि टपालाचा शिक्का पडला की ते म्हणणे पुरे होऊन संपते. एकाच तिकिटाने तेच दोनदा म्हणता येत नाही. इंग्लंडातील काळे तिकीट वर्षभरातच, १८४१ मध्ये, तांबड्या रंगात काढावे लागले, त्याचे कारण हेच होते: काळ्यावर मारलेला तांबडा शिक्का लोक पुसून टाकू शकत होते, आणि संपलेले बोलणे पुन्हा बोलता येत होते. खातेवहीतील प्रतिरूपावर शिक्का पडत नाही. ते फक्त हस्तांतरित होते. खर्च होणे त्याच्या व्याकरणातच नाही. म्हणून त्यास तिकीट म्हणणे भाषिकदृष्ट्या सैल आहे. ज्याने टपाल जात नाही आणि जे कधी बाद होत नाही, त्याच्या ठिकाणी तिकिटाचे एकच लक्षण उरते: ते जमवता येते.

उलट बाजूने पाहता, जुन्या व्यवहारात असलेली एक सोय येथे नाही. सावकारीत हुंडी गहाळ झाली तर पेठ, आणि तीही गहाळ झाली तर परपेठ लिहून देण्याची रीत होती; कारण हुंडीचे मोल कागदात नव्हे, लिहून देणाऱ्या पेढीच्या शब्दात होते, आणि शब्द पुन्हा उच्चारता येतो. प्रतिरूपाची गुप्त अक्षरे हरवली तर ज्या संस्थेने ते काढले तिच्याकडे जाऊन उपयोग नाही. क्रमांक खातेवहीत सर्वांस दिसत राहतो, आणि तो कोणासही हलवता येत नाही.

ऑस्ट्रियाच्या पाठोपाठ इतर देशांनी हा मार्ग धरला. जर्मनीच्या टपालसंस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रांडेनबुर्ग वेशीचे चित्र असलेले तिकीट ९ युरो ९० सेंटांस काढले. त्या सुमारास अशा टोकनांच्या एकूण बाजारातील २०२१ ची भरती केव्हाच ओसरली होती, तरी ही तिकिटे निघत राहिली, यावरून त्यांचा आधार सट्ट्यापेक्षा जुन्या संग्राहकवृत्तीत अधिक असावा असे अनुमान करता येते. त्या वृत्तीपुढे आता वर्णनाचा एक नवा प्रश्न आहे. तिकिटांच्या सूचीत आजवर एका प्रतीस एक नोंद पुरत असे: नमुना, वर्ष, छिद्रे, गोंद, शिक्का. या तिकिटाचे वर्णन करणाऱ्यास कागदाची अवस्था एका ओळीत आणि क्रमांकाचे ठिकाण दुसऱ्या ओळीत लिहावे लागेल. आणि पहिली ओळ कार्ड हातात घेऊन, तर दुसरी ज्या दिवशी खातेवही पाहिली त्या दिवसाची तारीख घालून लिहावी लागेल, कारण दुसऱ्या दिवशी ती खरी असेलच असे नाही.